डफ आणि चिपळ्या

आमच्या अंबडात सकाळ दोन आवाजांनी होते. एक, पहिल्या पाळीच्या कामगारांना न्यायला येणाऱ्या बसगाड्यांच्या भोंग्यांचा. आणि दुसरा, देवळातून येणाऱ्या टाळांचा. (जालन्याकडचे अंबड निराळे. आमचे हे नाशिकचे, मुंबई-आग्रा रस्त्याजवळचे. एके काळचे शेतामळ्यांचे खेडे. आता औद्योगिक वसाहतीने त्याला चहूकडून वेढले आहे. आमची पत्रे अजूनही अधूनमधून जालना फिरून येतात, तो भाग वेगळा.) या गावात राहून मी शहरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्या प्रश्नाने हा लेख लिहायला लावला, तो मात्र पुस्तकातून आलेला नाही. तो माझ्याच वर्गातल्या, माझ्याच वस्तीतल्या एका मुलीने मला विचारला.

झाले असे, की गेल्या स्नेहसंमेलनात या मुलीने एक लावणी म्हटली. नाच नाही, अदा नाही. पेटी-तबल्यावर, खाली बसून, बैठकीची लावणी. गळा गोड. मुलांनी टाळ्या दिल्या, आम्ही प्राध्यापकांनी माना डोलावल्या. कुणीतरी ते मोबाइलवर टिपले आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वस्तीने पाहिले. आता ही मुलगी आपल्या आजीबरोबर दर एकादशीला महिला भजनी मंडळात गाणारी. तिथल्या बायकांनी आजीला हळूच सांगितले, "काही दिवस नातीला आणू नका."

ती मला भेटायला आली ती रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, "सर, लावणी म्हटलेल्या गळ्याने अभंग म्हटला तर अभंग बाटतो का?"

मी मास्तरी थाटात सुरुवात केली, "अगं, या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे..."

"इतिहास नको सर. हो की नाही, एवढंच सांगा."

वाचकहो, बावीस वर्षे शिकवतो आहे, पण हो की नाही असे एका शब्दात मला काही सांगता आले नाही. तिला मी दोन दिवसांनी घरी बोलावले, आणि त्या दोन रात्री कपाटातली पुस्तके काढून बसलो.

पहिली आठवण झाली ती आपल्याकडची नव्हे, युरोपातल्या एका गवयाची. ग्वीयोम द्युफे हे त्याचे नाव. जन्म 1397 च्या सुमाराचा. आजच्या फ्रान्सच्या उत्तर टोकाला कांब्रे नावाचे गाव आहे; तिथल्या मोठ्या चर्चमध्ये हा गाणाऱ्या पोरांत वाढला. पुढे इटलीत गेला, पोपच्या गायकवृंदात बसला, सावोयच्या सरदारांच्या पदरी राहिला आणि म्हातारपणी पुन्हा कांब्रेला येऊन 1474 मध्ये तिथेच वारला. फ्लॉरेन्सचे ते प्रचंड घुमटाचे चर्च 1436 मध्ये देवाला अर्पण झाले, त्या सोहळ्यासाठी पद रचले ते यानेच. म्हणजे माणूस देवळातलाच, अंगावर पुरोहिताचे वस्त्र. आणि तरीही याने प्रेमगीते रचली ती डझनांनी. त्यातले एक विरहाने चेहरा फिका पडलेल्या प्रियकराचे. पुढे 1450 च्या आगेमागे चर्चमधल्या मोठ्या उपासनेचे, ज्याला ते लोक 'मास' म्हणतात त्याचे, संगीत बांधायची वेळ आली, तेव्हा या गृहस्थाने काय करावे? त्याच प्रेमगीतातली चाल उचलली, तिचे एकेक स्वर लांबवले आणि तिच्यावर देवाच्या स्तुतीची इमारत उभी केली! कुठे ती चाल मूळच्या तिप्पट विलंबित चालते, कुठे दुप्पट, आणि शेवटी मूळ लयीत येते. तेव्हा ऐकणाऱ्याला, अरे, हे तर ते गाणे, असे ओळखू येत असले पाहिजे. आजूबाजूचे आवाज देवाचे शब्द गाताहेत आणि मधल्या आवाजात प्रियकराची चाल चालली आहे. पाखंड म्हणून त्याला कुणी चर्चबाहेर काढले नाही. उलट इतरांनी तीच वाट धरली.

शंभर वर्षांनी मात्र कुरबूर सुरू झाली. 1562 मध्ये ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवले, की चर्चच्या संगीतात विषयी, अपवित्र असे काही मिसळू देऊ नये. पालेस्त्रीना हा त्या काळचा सर्वांत मोठा रचनाकार. त्याने 1584 मध्ये पोपला ग्रंथ अर्पण करताना लिहिले, की आपण तरुणपणी प्रेमगीते रचली याची आपल्याला लाज वाटते. हे वाचून मन हेलावते. आणि मग कळते की अवघ्या दोन वर्षांनी, 1586 मध्ये, याच पालेस्त्रीनाने लौकिक गीतांचे आणखी एक पुस्तक छापले. मला तर हा माणूस त्या क्षणापासून फार जवळचा वाटू लागला.

आता घरी येऊ. आपल्याकडे असा गवई शोधायचा तर फार लांब जायला नको. अंबडहून निघावे, सिन्नर ओलांडावे आणि पुण्याच्या रस्त्याने पुढे जावे. प्रवरेच्या काठी संगमनेर लागते. तिथला अनंत फंदी. 1744 चा जन्म, 1819 चा मृत्यू. आडनाव घोलप, जात ब्राह्मणाची आणि नाद तमाशाचा. फंदी हे नाव घराण्याचे नव्हे. मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी याचे मैत्र होते, त्यावरून लोकांनी ते याला चिकटवले असे सांगतात. ब्राह्मणाच्या पोराला फकिराचे नाव, हातात डफ आणि तोंडी लावणी: गावातल्या थोरांनी कपाळाला हात लावला नसेल तरच नवल. याने खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला, सवाई माधवरावाच्या मृत्यूवर ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्याचा उपदेशाचा फटका तर आपल्यापैकी निम्म्यांनी शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेला आहे.

याची आख्यायिका अशी. फंदी महेश्वरास अहिल्याबाई होळकरांच्या दरबारी गेला. त्या पुण्यशील बाईंनी त्याला बोल लावला, की ब्राह्मणाचा जन्म, वाणीत असे सामर्थ्य, आणि ते तमाशात घालवता? फंदीने तिथेच डफ फोडला आणि पुढे कीर्तनाला उभा राहिला.

आता दुसरी गोष्ट ऐका. सोलापूरचा राम जोशी. 1762 ते 1812 हा त्याचा काळ. घर जोशांचे, थोरला भाऊ मुद्गल हा नावाजलेला पुराणिक. धाकट्याचा पाय मात्र तमाशाच्या फडाकडे वळे. भावाने घराबाहेर काढले. राम पंढरपुरास गेला, तिथे शास्त्र्यांजवळ बसून संस्कृत शिकला, आणि पंडित होऊन परतला तो पुन्हा फडातच. मग म्हणे बारामतीस मोरोपंतांची आणि याची गाठ पडली. पंतांनी याची कवने ऐकून कौतुक केले, पण कानउघाडणीही केली. आणि रामाने डफ फोडून कीर्तनाच्या चिपळ्या हाती घेतल्या.

दोन शाहीर, दोन थोर माणसे, आणि डफ मात्र दोन्हीकडे सारखाच फुटलेला! कथा सांगणाऱ्यांना हा प्रसंग इतका आवडला की जो भेटेल त्या शाहिराच्या हातातला डफ त्यांनी फोडून टाकला, अशी मला दाट शंका आहे. शाहिराने देवाकडे यायचे तर मागे काहीतरी मोडून यायला हवे, असे समाजाला वाटत असावे. पालेस्त्रीनाच्या अर्पणपत्रिकेतला आणि या डफाच्या चामड्यातला फरक मला तरी फारसा दिसत नाही.

कारण राम जोशाची कवने वाचू लागलो की डफ फुटल्याची खूण कुठेच सापडत नाही. याने शृंगाराच्या लावण्या रचल्या; त्यातल्या एका लावणीला तर आज दोनशे वर्षांनीही महाराष्ट्र ठेका धरतो. याने देवांवर लावण्या रचल्या, संस्कृतातही रचल्या. एका लावणीत तर मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत अशा चार भाषा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून येतात. सोलापूरच्या बाजारात रोज कानावर पडणारे बोलणे आणि पंढरपूरच्या पाठशाळेतले बोलणे यांची ती मोट आहे. 'मदालसाचंपू' नावाचे गद्यपद्य संस्कृत काव्यही त्याच्या नावावर आहे. आणि मग ती उपदेशाची लावणी, जटा वाढवून, भस्म फासून देव मिळत नाही असे ढोंगी बुवांना खडसावणारी. ती मोठ्याने म्हणून पाहा. शब्दामागून शब्द असे घरंगळत येतात, यमके अशी एकावर एक आदळतात, की दम लागतो. हा वेग कुठला? फडातला. ही यमके कुठली? मोरोपंतांच्या आर्यांतली. वैराग्य शिकवायला त्याने जी लय वापरली ती शृंगार रंगवताना कमावलेली होती. वेगळी लय त्याला आणायची होती कुठून?

माझे स्वतःचे मत विचाराल तर शृंगारिक लावण्यांपेक्षा राम जोशी या उपदेशाच्या लावण्यांत अधिक मोठा वाटतो. आमचे एक वयस्क सहकारी यावर माझ्याशी गेली दहा वर्षे भांडताहेत. त्यांना मी अरसिक वाटतो. असो.

गंमत पुढेच आहे. मोरोपंत म्हणजे पंडितांचा कवी. 1794 मध्ये ते वारले. त्यांच्या आर्या समासांनी अशा ठासून भरलेल्या, की आमचे विद्यार्थी आजही परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्या नावाने बोटे मोडतात. त्या आर्या महाराष्ट्राच्या गावोगावी, अक्षरशत्रू माणसांच्याही कानी गेल्या त्या कीर्तनातून, आणि ते ज्यांनी केले त्यांत राम जोशाचे नाव अग्रभागी आहे. कीर्तनाचा पूर्वरंग संपला, उत्तररंगातले आख्यान सुरू झाले, की बुवा आर्या, साकी, दिंडी, कटाव असे एकामागून एक टाकत जातात. श्रोत्याला कुठे हसवायचे, कुठे थांबवून धरायचे, कुठे एकदम लय वाढवून अंगावर शहारा आणायचा, हे ज्ञान काही शास्त्र्यांच्या ओसरीवर मिळत नाही. रात्रभर बसलेल्या फडातल्या गर्दीने ते राम जोशाला शिकवले होते. फडाने पोसलेला माणूस कीर्तनाला मिळाला नसता, तर पंतांच्या आर्या पोथीतच झोपून राहिल्या असत्या, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणि ही देवघेव काही राम जोशापासून सुरू झालेली नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी गोंधळी, जोशी, वासुदेव अशा दारोदार फिरणाऱ्या लोकांच्या तोंडची गाणी घेतली, त्यांतून भारुडे उभी केली आणि देवाच्या दारात आणली. पुढे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांनी कीर्तनाच्या चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, बायकांच्या गाण्यांच्याही घेतल्या. कुठली चाल कुठून आली याचा हिशेब प्रेक्षकांनी मागितला नाही.

इतके सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिची आजीही बरोबर आली होती. ती डोळे मिटून ऐकत होती. आजीला मधूनच डुलकी लागते आहे असे मला वाटत होते, तेवढ्यात तिने डोळे न उघडताच विचारले, "आणि त्या राम जोशाबरोबर गाणारी बाई? तिचं काय झालं?"

मी थबकलो. परंपरा तिचे नाव बया असे सांगते. राम जोशाच्या फडात ती गात-नाचत असे. 1947 मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला, ग. दि. माडगूळकरांची गाणी, वसंत देसाईंचे संगीत, जयराम शिलेदार रामाच्या भूमिकेत आणि हंसा वाडकर बयेच्या. महाराष्ट्र वेडा झाला त्या चित्रपटाने. आजीने तो लग्नाआधी, गावच्या तंबूत, पुन्हा दाखवायला आला तेव्हा पाहिला होता. तिला कथा आठवत नव्हती, बया आठवत होती.

"राम जोशी कीर्तनकार झाला," आजी म्हणाली. "बुवा झाला. लोक पाया पडले असतील. बयेला कुणी चिपळ्या दिल्या का हातात?"

खरे सांगतो, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. डफ फोडून चिपळ्या घ्यायची सोय पुरुषांना होती. फंदीला होती, राम जोशाला होती. जे गाणे त्यांनी रचले तेच जिने गायले तिला मात्र दुसऱ्या दारातून आत यायची वाटच नव्हती. गाण्याचा डाग गळ्याला लागतो तो बाईच्याच. लेखणीला लागत नाही. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

आणि म्हणूनच भजनी मंडळातल्या बायकांवर मला नुसते चिडताही येईना. त्यांच्यातल्या अध्यक्षबाईंना आम्ही सारे काकू म्हणतो. काकू काही वाईट बाई नव्हेत. या वस्तीत कुणाच्या घरी दुखणे निघाले की पहिला डबा त्यांचा येतो. त्यांच्या लहानपणी तमाशाला गेलेल्या बाईला आणि तमाशातल्या बाईला काय म्हणत, हे त्यांनी ऐकलेले आहे. तो शब्द आपल्या मंडळातल्या मुलीला लागू नये, तिचे लग्न अडू नये, आणि खरे तर तो शब्द मंडळालाही लागू नये, इतकेच त्यांना वाटत होते. भीती जुनी असली म्हणून खोटी नसते.

तरीही मी एका संध्याकाळी काकूंकडे गेलो. बरोबर आजी होती. नातीला घरी ठेवले होते, ते आजीचे शहाणपण. चहा झाला, पावसाची चौकशी झाली, कांद्याच्या भावाची झाली. मग मी विचारले, "काकू, काकडआरतीला तुम्ही भूपाळी कोणती म्हणता?"

"दोन-चार म्हणतो. 'घनश्याम सुंदरा' असतेच."

"कुणाची ती?"

"कुणाची म्हणजे? देवाची!" काकू हसल्या. "सिनेमात होती ना, अमर भूपाळी."

बरोबर होते. 1951 चा 'अमर भूपाळी'. शांतारामबापूंचा चित्रपट, पुन्हा वसंत देसाईंचेच संगीत, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकरांच्या आवाजात ही भूपाळी. पुढच्या वर्षी कान येथील चित्रपट महोत्सवात ध्वनिमुद्रणासाठी त्याचा गौरव झाला. मी सांगितले, की सिनेमा ज्याच्यावर काढला तो होनाजी, पुण्याचा गवळी. बाळा करंजकर हा त्याचा गाणारा जोडीदार. म्हणून लोक होनाजी बाळा असे एका दमात म्हणतात आणि दोघांचा एक माणूस करतात. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत हा फडात गाजला. डफ-तुणतुण्याची लावणी रागदारीच्या अंगाने, बैठकीत बसून गायची वाट ज्यांनी रुळवली त्यांत हा पुढे. 1844 मध्ये तो वारला.

"म्हणजे तमाशातला?" काकूंनी कप खाली ठेवला.

"तमाशातला. लावणीवाला. तुमची भूपाळी त्याचीच."

काकू काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, आतून मंडळाची वही घेऊन आल्या. जाड पुठ्ठ्याची, हळदीकुंकवाचे डाग पडलेली, वीसेक वर्षांच्या निरनिराळ्या हस्ताक्षरांची. भूपाळीचे पान काढले. शेवटच्या कडव्यावर बोट ठेवून वाचू लागल्या, आणि थांबल्या. तिथे होनाजीचे नाव होते. कवीने आपल्या रचनेत आपले नाव गुंफायचे ही आपली रीत. तुकोबांची आहे, राम जोशी 'कविराय' म्हणून सही करतो, तशी ही होनाजीची. काकू ते नाव गेली वीस वर्षे दर कार्तिकात गात आल्या होत्या.

मला पुन्हा तो कांब्रेचा म्हातारा आठवला. द्युफेने मरियामातेच्या एका स्तोत्रात स्वतःचे नाव घालून, या मरणाऱ्यावर दया कर, अशी विनवणी गुंफली होती; आणि मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, की आपली शेवटची घटका आली की गाणाऱ्यांनी उशाशी उभे राहून ते म्हणावे. पण मरण घाईत आले. गाणाऱ्यांना जमायला वेळ मिळाला नाही. ते गायले गेले त्याच्या मागून. प्रेमगीते रचणाऱ्या त्या माणसाने देवाच्या दारात जाताना नाव लपवले नाही, सांगितले. हे मी काकूंना सांगितले नाही. तिथे त्याचे काम नव्हते.

वही मिटताना काकू म्हणाल्या, "हे तुम्ही मंडळात बाकीच्यांना सांगू नका हो. उगीच काहींच्या मनात येईल, भूपाळीच बंद करा म्हणून."

"नाही सांगणार."

आजी तोवर गप्पच होती. ती म्हणाली, "मग मी नातीला काय सांगू?"

काकूंनी पदर सारखा केला. खिडकीबाहेर दुसऱ्या पाळीची बस वळत होती. तिचा भोंगा थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"कोजागरीपासून काकडा बसतोय," त्या म्हणाल्या. "पहाटे पाचला यायचं म्हणावं. आणि आंघोळ करून. उशिरा आलेली मी कुणाचीच चालवून घेत नाही."